लग्नघराला लागलेला रंग

बार्सिलोना शहराला लागून मोंजुइक नावाची टेकडी आहे. टेकडीवर पालिकेचा पोहण्याचा तलाव. १९९२ च्या उन्हाळ्यात ऑलिम्पिकमधल्या सूर मारण्याच्या स्पर्धा या तलावात झाल्या. तलाव उघड्यावर, आणि टेकडीच्या अशा कडेला की दहा मीटरवरून एखादी मुलगी झेपावली की कॅमेऱ्यात तिच्यामागे भिंत नाही, प्रेक्षक नाहीत, थेट शहर. खाली दूरवर पसरलेली घरं, त्यांतून वर आलेले साग्रादा फामिलिया चर्चचे मनोरे, आणि या सगळ्याच्या वर हवेत गिरकी घेणारी तेरा वर्षांची चिनी फू मिंग्श्या. तिने सुवर्णपदक जिंकलं. कुणाला किती गुण मिळाले ते लोक आठवडाभरात विसरले. मागचं शहर मात्र टीव्हीसमोर बसलेल्या कोट्यवधी लोकांच्या डोक्यात राहून गेलं.

मोठ्या स्पर्धा भरवल्या की पर्यटन वाढतं, धंदा वाढतो, हाताला काम मिळतं, असं सांगणारा प्रत्येक पुढारी आणि प्रत्येक संघटक बार्सिलोनाचं नाव घेतो. घेणारच. १९९० साली तिथल्या हॉटेलांत साधारण १७ लाख पाहुणे उतरले होते, २००० साली ३१ लाख. मुक्कामाच्या रात्री ३८ लाखांवरून ७८ लाखांवर गेल्या. पण या आकड्यांत एक गंमत आहे आणि ती भाषणात कुणी सांगत नाही. खुद्द १९९२ साली, म्हणजे ऑलिम्पिकच्या वर्षी, पाहुण्यांचा आकडा १९ लाखांच्या आतच होता. उत्सवाच्या वर्षी वाढ किरकोळ. खरी रीघ लागली ती मांडव उतरल्यावर. असं का झालं हे उलगडलं की या विषयातलं निम्मं गणित सुटतं.

आपल्याकडे घरात लग्न निघालं की काय होतं ते आठवून बघा. दहा वर्षं गळणारं छप्पर, पोपडे आलेली भिंत, मागच्या दारची तुटकी पायरी, यांतलं काहीही लग्नासाठी म्हणून बिघडलेलं नसतं. ते करायचंच असतं. पण आज पैसे नाहीत, उद्या गवंडी नाही, परवा भावाभावांचं एकमत नाही. मुहूर्त ठरला की मात्र सगळं हलतं, कारण तारीख पुढे ढकलता येत नाही. मांडव चार दिवसांत निघतो. रंग आणि छप्पर राहतं. कर्जही राहतं. आणि फक्त मांडवावरच पैसे उधळले असतील, तर कर्जच तेवढं राहतं.

बार्सिलोनाला रंगाची गरज होती. समुद्राकाठचं हे शहर समुद्राकडे पाठ करून बसलं होतं. किनाऱ्याला कारखाने, गोदामं, सांडपाणी आणि रेल्वेचे रूळ. ही रेल्वे साधीसुधी नव्हे. बार्सिलोना ते मातारो ही स्पेनच्या मुख्य भूमीवरची पहिली रेल्वे, १८४८ सालची. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली त्याच्या पाच वर्षं आधीची. तिने गावाला श्रीमंत केलं आणि गावाची वाळू हिरावून घेतली. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या भिंतीआड समुद्र आहे, हे शिवडी-माझगावात जन्म काढलेल्या माणसालासुद्धा नकाशा बघून कळतं.

१९७५ मध्ये हुकूमशहा फ्रँको गेला आणि शहराला हळूहळू स्वतःचा कारभार परत मिळाला. ओरिओल बोहिगास या वास्तुरचनाकाराच्या हाती नगररचना आली तेव्हा सुरुवात बारक्या कामांनी झाली. एखादा चौक फरसबंद करा, एखाद्या वस्तीत बाग काढा, एखादं शिल्प उभं करा. किनारा मोकळा करायचं स्वप्न होतं, पण त्यासाठी रूळ हलवायचे, कारखान्यांच्या जागा घ्यायच्या, माद्रिदच्या केंद्र सरकारकडून पैसा काढायचा. हे कुठल्याही महापौराच्या एका कारकिर्दीत बसणारं काम नव्हतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये लोझानला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९९२ च्या यजमानाचं नाव जाहीर केलं. जाहीर करणारे अध्यक्ष हुआन आंतोनिओ सामारांच स्वतः बार्सिलोनाचेच. त्या क्षणी महापौर पास्क्वाल माराग्याल यांच्या हाती मुहूर्त आला: २५ जुलै १९९२.

पुढच्या सहा वर्षांत रूळ हलले. पोब्लेनोऊ या जुन्या गिरणगावात कारखाने पाडून खेळाडूंची वसाहत उभी राहिली, तिच्यासमोर नवं बंदर झालं आणि काही किलोमीटर लांबीचा वाळूचा किनारा अक्षरशः बनवला गेला. शहराभोवती वळणरस्ते झाले. विमानतळाला नवी इमारत मिळाली. सांडपाण्याची व्यवस्था सुधारली. मुख्य स्टेडियम मात्र नवं नव्हतं. १९२९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं, तेच आतून नवं केलं. एकूण खर्चाचा जेमतेम दहावा हिस्सा क्रीडासंकुलांवर गेला असं तिथल्या अर्थतज्ज्ञांनी नंतर मांडलं. बाकी सगळा रंग आणि छप्पर. १९८६ मध्ये शहरातली बेकारी १८ टक्क्यांच्या वर होती, स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा १० टक्क्यांच्या आत आली होती.

म्हणून १९९२ नंतर पाहुणे आले. टीव्हीवर जे शहर दिसलं ते खरंच तिथे होतं, उतरायला विमानतळ होता, झोपायला नवी हॉटेलं होती आणि चालायला किनारा होता. १९९३ साली पालिकेने व्यापाऱ्यांच्या मंडळाला सोबत घेऊन पर्यटनासाठी वेगळी संस्था काढली आणि तापलेल्या तव्यावर पोळी भाजून घेतली. यात नशिबाचाही वाटा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. त्याच दशकात युरोपने विमानवाहतूक खुली केली, स्वस्त विमान कंपन्या आल्या, आणि लंडनच्या कारकुनाला शनिवार-रविवार समुद्राकाठी काढणं परवडू लागलं. ऑलिम्पिक झालं नसतं तरी काही पाहुणे आलेच असते. किती, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. या विषयातल्या प्रत्येक आकड्याकडे बघताना हे मनाच्या एका कोपऱ्यात ठेवावं.

आता पैशाची वाट बघू. स्पर्धा झाली की आयोजक एक अहवाल काढतात आणि त्यात शेकडो कोटींचा ‘आर्थिक परिणाम’ छापलेला असतो. हा आकडा येतो कुठून?

समजा, २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाचा सामना बघायला नागपूरचा एक माणूस पुण्याला आला. गहुंज्याच्या स्टेडियमवर त्या स्पर्धेचे पाच सामने झाले होते. तो दोन रात्री राहिला, जेवला, रिक्षाने फिरला, जाताना चितळ्यांकडून बाकरवडी घेतली. हे पैसे पुण्याबाहेरून आले, म्हणजे पुण्यापुरते नवे. हॉटेलवाल्याने त्यातून वेटरला पगार दिला, वेटरने वाण्याचं बिल भागवलं, वाण्याने मुलाच्या शिकवणीची फी भरली. एक नोट तीन हातांतून फिरली आणि तिने तीनदा काम केलं. याला अर्थशास्त्रात गुणक म्हणतात. आयोजकांचा सगळा डोलारा या गुणकावर उभा असतो, कारण तो दीडचा अडीच केला की अहवाल लगेच जाड होतो.

पण नोट गावातच फिरली पाहिजे. हॉटेल एखाद्या बड्या साखळीचं असेल तर खोलीभाड्यातला मोठा भाग मुख्य कार्यालयाकडे जातो. दूध बाहेरचं, पाण्याच्या बाटल्या बाहेरच्या, सुरक्षारक्षक पुरवणारी कंपनी बाहेरची असेल तर नोट एका हातातून दुसऱ्या हातात जायच्या आतच गावाची वेस ओलांडते. फुटक्या माठात कितीही पाणी ओता, भरलेला दिसतो तो ओततानाच.

दुसरी मेख त्याहून अवघड. त्याच सामन्याला कोथरूडचा एक गृहस्थ सहकुटुंब गेला आणि पाच हजार रुपये खर्च करून आला. अहवालात हे पाच हजारही जमेला धरले जातात. पण कोथरूडकर गहुंज्याला गेला नसता तर पैसे पेटीत कुलूप लावून बसला नसता. (बसलाही असता, पुणेकराबद्दल पैज लावू नये.) बहुधा त्याने ते नाटकाला, हॉटेलात किंवा सिंहगडावरच्या भज्यांवर घालवले असते. म्हणजे पुण्याच्या खिशात नवं काही आलं नाही, या खिशातून त्या खिशात गेलं. भज्यांच्या टपरीवर त्या दिवशी गिऱ्हाईक कमी होतं, याची नोंद कुठल्याही अहवालात नसते.

तिसरी गोष्ट लोकांना पटकन पटत नाही: स्पर्धेमुळे पाहुणे कमीही होतात. लंडनला २०१२ च्या ऑलिम्पिकच्या आधी महापौर बोरिस जॉन्सन यांच्या आवाजातली ध्वनिमुद्रित सूचना रेल्वेस्थानकांवर ऐकवली जात होती: गर्दी प्रचंड होणार आहे, प्रवासाचं नियोजन आधी करा. लंडनकरांनी फारच मनावर घेतलं. ज्यांना जमलं ते घरून काम करू लागले किंवा शहर सोडून सुट्टीवर गेले. परदेशी पर्यटकांनी, हॉटेलं महाग आणि रस्ते तुंबलेले असतील म्हणून, बेत पुढे ढकलला. परिणाम असा की ऐन ऑलिम्पिकमध्ये मध्य लंडनच्या नाट्यगृहांबाहेर, टॅक्सीच्या थांब्यांवर आणि दुकानांत शुकशुकाट. टॅक्सीवाले वर्तमानपत्रांना बोलावून तक्रारी सांगत होते. त्या ऑगस्टमध्ये ब्रिटनला आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा कमी भरली. आले त्यांनी जास्त खर्च केला हे खरं. पण रोजच्या गिऱ्हाइकाला हुसकावून आलेला पाहुणा, एवढाच त्याचा अर्थ.

रॉबर्ट बेड आणि व्हिक्टर मॅथिसन या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी हा हिशेब सगळ्यांत चिकाटीने मांडला. १९९४ चा फुटबॉल विश्वचषक अमेरिकेत झाला, तेव्हा आयोजकांनी देशाला ४ अब्ज डॉलरचा फायदा होईल असं सांगितलं होतं. या दोघांनी स्पर्धा संपल्यावर यजमान शहरांच्या उत्पन्नाचे आकडे तपासले. अपेक्षित वाढ तर नाहीच, उलट त्या शहरांचं उत्पन्न एरवीच्या अंदाजापेक्षा ५.५ ते ९.३ अब्ज डॉलरनी कमी भरलं. हा तोटा सगळा फुटबॉलमुळे झाला असं ते म्हणत नाहीत आणि आपणही म्हणू नये. पण चार अब्ज कुठेतरी दिसायला हवे होते, ते दिसले नाहीत.

आणि नुसत्या मांडवावर पैसे उधळणाऱ्याचं काय होतं? त्यासाठी माँट्रियलला जावं लागेल. १९७६ च्या ऑलिम्पिकआधी तिथले महापौर झाँ द्रापो यांनी जाहीर सांगितलं होतं की पुरुषाला मूल होणं जितकं शक्य, तितकंच ऑलिम्पिकला तूट येणं शक्य. तूट दीड अब्ज डॉलरच्या घरात गेली. एका व्यंग्यचित्रकाराने गरोदर द्रापो काढले, ते चित्र आजही लोकांच्या लक्षात आहे. कर्ज फेडायला क्युबेक प्रांताने तंबाखूवर खास कर लावला. शेवटचा हप्ता २००६ मध्ये गेला. म्हणजे १९७६ साली जन्मलेलं मूल मोठं होऊन तीस वर्षांचं झालं, सिगारेट ओढायला शिकलं आणि आपल्या जन्माच्या वर्षीच्या समारंभाचे पैसे झुरक्याझुरक्याने फेडत राहिलं. स्टेडियमचा तिरका मनोरा तर स्पर्धेच्या वेळी अर्धवटच होता, तो १९८७ मध्ये पुरा झाला.

माँट्रियलची दशा पाहून पुढे यजमानपदासाठी कुणी तयार होईना. १९८४ साठी शेवटी एकटं लॉस एंजेलिस उरलं. एकटाच गिऱ्हाईक म्हटल्यावर भाव तोच ठरवणार. त्यांनी ऑलिम्पिक समितीला अटी घातल्या, १९३२ च्या ऑलिम्पिकचं जुनं स्टेडियम वापरलं, खेळाडूंना विद्यापीठांच्या वसतिगृहांत ठेवलं आणि वीस कोटी डॉलरहून अधिक शिल्लक टाकली. त्या शिल्लकीने पुन्हा सगळ्यांना हाव सुटली, बोलीसाठी रांग लागली आणि भाव समितीच्या हातात गेला. हे चक्र अजून चालू आहे.

मानाउसचं उदाहरण मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्राझीलमधलं हे शहर अॅमेझॉनच्या जंगलात आहे. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी तिथे चाळीस हजारांवर आसनांचं देखणं स्टेडियम बांधलं. किती सामन्यांसाठी? चार. शहरात देशाच्या वरच्या गटात खेळणारा संघ नव्हता. लग्नासाठी हत्ती विकत घेतला तर वरात झोकात निघते, पण दुसऱ्या दिवशीपासून उसाची मोळी कोण आणणार?

याच्या नेमकं उलट चित्र आपल्याच देशात, ओडिशातल्या राउरकेलाला बघायला मिळतं. २०२३ चा पुरुषांचा हॉकी विश्वचषक भुवनेश्वर आणि राउरकेला या दोन ठिकाणी झाला. राउरकेला म्हटलं की आपल्याला आठवतो पोलाद कारखाना. पण ते ज्या सुंदरगढ जिल्ह्यात आहे तिथे आदिवासी गावांतली पोरं बांबूच्या काठ्या घेऊन हॉकी खेळत मोठी होतात. भारताचे माजी कर्णधार दिलीप तिर्की याच जिल्ह्याचे. विश्वचषकासाठी वीस हजारांहून अधिक आसनांचं बिरसा मुंडा स्टेडियम उभं राहिलं आणि स्पर्धेच्या तोंडावर, जानेवारी २०२३ मध्ये, भुवनेश्वरहून राउरकेलासाठी प्रवासी विमान सुरू झालं. स्टेडियमचा खर्च वसूल झाला का, तर तिकिटांतून नक्कीच नाही. पण त्या मैदानाला दुसऱ्या दिवशी कोण वापरणार, हा प्रश्न तिथे पडत नाही.

बालेवाडीचा निकाल मधला आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याच्या वेशीबाहेर शिवछत्रपती क्रीडासंकुल बांधलं तेव्हा ‘एवढ्या लांब कोण जाणार’ असं पेठांमधून बोललं जात असे. २००८ मध्ये तिथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, २०१८ पासून काही वर्षं महाराष्ट्र ओपन टेनिस रंगलं. आज बालेवाडीत जागेचा भाव ऐकून माणूस खाली बसतो. पण याचं श्रेय खेळांना देणं म्हणजे कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला म्हणण्यासारखं आहे. शेजारी हिंजवडीत संगणक कंपन्या आल्या, मुंबई-बंगळुरू महामार्ग दाराशी होता. खेळांनी रस्ता थोडा लवकर रुंद केला, एवढं म्हणू.

२०२३ च्याच क्रिकेट विश्वचषकाचा हिशेब आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने जाहीर केला: भारताला १.३९ अब्ज डॉलरचा आर्थिक लाभ, त्यात पर्यटनातून ८६ कोटी डॉलर, आणि मैदानांवर साडेबारा लाख प्रेक्षक. आकडा डोळे दिपवतो. भारताच्या वार्षिक उत्पन्नाशी ताडून बघितला तर तो एक टक्क्याच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास येतो. शिवाय साडेबारा लाखांतले कोथरूडकर किती आणि नागपूरकर किती, हा मघाचा प्रश्न आहेच. पण देशाला जे चिमूटभर, ते एका शहराला पोतंभर असू शकतं. अहमदाबादला भारत-पाकिस्तान सामना ठरला तेव्हा हॉटेलांचे दर कित्येक पटींनी चढले आणि काही क्रिकेटवेड्यांनी रुग्णालयात आरोग्य तपासणीच्या नावाखाली रात्रीपुरती खाट मिळेल का अशी चौकशी चालवल्याच्या बातम्या आल्या. मग सामन्याची तारीख १५ ऑक्टोबरवरून १४ वर आली आणि ज्यांनी आधीच विमानाची तिकिटं काढली होती त्यांची पळापळ झाली. त्याच अहमदाबादला आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्या आहेत, आणि २०३६ च्या ऑलिम्पिकवर भारताचा डोळा आहे. तिथे जाहीर होणाऱ्या प्रत्येक योजनेबद्दल मला एकच विचारावंसं वाटतं. हे काम स्पर्धा मिळाली नसती तरी करायचं होतं का?

बार्सिलोनाने त्याचं उत्तर ‘हो’ असं दिलं, म्हणून ते जिंकलं. पण जिंकण्याचीही किंमत असते. १९८६ ते १९९२ या काळात तिथल्या घरांच्या किमती दुपटीहून अधिक वाढल्या. खेळाडूंच्या वसाहतीतली घरं नंतर सामान्यांना परवडतील अशी आशा होती, ती फोल ठरली. बार्सेलोनेटा या कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर वाळूत टेबलं मांडून मासे खाऊ घालणाऱ्या खानावळी होत्या, त्या नव्या स्वच्छ किनाऱ्यासाठी पाडल्या. पुढे पाहुणे वाढतच गेले. सोळा-सतरा लाख वस्तीच्या शहरात पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांचं पेव फुटलं. जुलै २०२४ मध्ये दोन-तीन हजार बार्सिलोनावासी रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यातल्या काहींनी हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. त्याच्या आदल्याच महिन्यात महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं होतं, की पर्यटकांना भाड्याने देण्याच्या १०,१०१ घरांचे परवाने २०२८ नंतर नव्याने मिळणार नाहीत. ज्या शहराने पाहुणे कसे बोलवावेत हे जगाला शिकवलं, ते आता त्यांना आवरायचं कसं ते शिकतंय.

एवढी मोठी उडी प्रत्येक गावाला झेपत नाही, आणि झेपायची गरजही नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीचा एक शनिवार साताऱ्यात काढा. दुसऱ्या दिवशी पहाटे सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते. २०१२ पासून ही शर्यत चालू आहे. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, शहरातून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने खाली यायचं, एकूण २१ किलोमीटर. पाऊस असतो, धुकं असतं, घाटाच्या एका अंगाला खाली शहर दिसतं आणि मध्येच नाहीसं होतं. कित्येक हजार लोक धावतात, त्यातले बरेचसे पुण्या-मुंबईचे. रस्ता आहे तोच, घाट आहे तोच. गावाने या शर्यतीसाठी एक खुर्चीही बांधलेली नाही.

वर मांडलेली सगळी गणितं इथे लावून बघा. माणूस बाहेरगावचा, म्हणजे पैसा नवा. पहाटे सहाला धावायचं, म्हणून आदल्या रात्री मुक्काम करावाच लागतो. सामना बघून रात्री गाडीने परत, असं जमत नाही. बरोबर बायको-मुलं येतात, कारण कास पठार तासाभराच्या अंतरावर आणि फुलांचा हंगाम सुरू होत असतो. उतरायचं लॉज गावातल्याच माणसाचं, दूध गावचं, भाजी गावची. माठ इथेही गळतो, पण कमी. मुख्य म्हणजे हे दर वर्षी होतं. एकदाच येणाऱ्या जत्रेसाठी कुणी खोल्यांना गिझर बसवत नाही, दर वर्षी येणाऱ्या जत्रेसाठी बसवतो. गोव्यात २०१९ पासून होणारी आयर्नमॅन शर्यत किंवा दक्षिण आफ्रिकेत दर्बन आणि पीटरमेरिट्सबर्गच्या दरम्यान १९२१ पासून चालत आलेली सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स, यांचंही बळ हेच आहे. कॉम्रेड्सला हल्ली भारतातून एवढे लोक जातात की वाटेत मराठीत ओरडून धीर देणारे भेटतात.

साताऱ्यात मी उतरलो होतो ते लॉज राजवाड्याच्या बाजूला, एका गल्लीत. शनिवारी संध्याकाळी खालच्या खानावळीत फळ्यावर खडूने ‘पास्ता मिळेल’ असं लिहिलेलं होतं. मालकाला विचारलं, तर म्हणाले, “अहो, ही पळणारी मंडळी आदल्या रात्री तिखट खात नाहीत. पहिल्या वर्षी रस्सा तसाच्या तसा उरला. मग पोराने मोबाईलवर बघून हे शिकून घेतलं.” पास्ता बेताचाच होता, पण त्यावर आमच्या टेबलावरचे पाच जण तुटून पडले.

रविवारी दुपारी तेच पाच जण गळ्यात पदक घालून जिना उतरत होते. घाट उतरताना मांड्यांची वाट लागलेली, त्यामुळे कठडा धरून, अंग आडवं करून, एकेक पायरी. खाली पेढ्यांचे पुडे पिशवीत भरले जात होते. कंदी पेढे घरी दोन किलो, ऑफिसात एक. एकाने मालकांना विचारलं, पुढच्या वर्षीची तारीख कळली का? ती अजून जाहीर व्हायची होती. मालकांनी गल्ल्याखालची वही काढली, मागचं कोरं पान उघडलं आणि पेन्सिलीने लिहिलं: ‘मुलुंड, दोन खोल्या, शनिवार. पास्ता.’